नऊ वर्षं जागी

साग्यनालीने यंत्राच्या विजेच्या केबलला हात लावला आणि परत काढून घेतला.

"अके, मी ओढू का?" बुरुलकानने थोरल्या भावाला विचारावं तसं विचारलं. राजधानी बिश्केकहून आलेली ही इंजिनिअर मुलगी सकाळपासून त्याच्या खोलीत होती, पण त्याच्या खुर्चीत मात्र बसली नव्हती.

"नको. नऊ वर्षं मी चालू ठेवलीय. बंदही मीच करीन."

बाहेर दुपारचा बर्फ पडत होता. खिडकीतून दुधट उजेड येत होता आणि त्यात कपाटातल्या, नेटवर्कची राखण करणाऱ्या दोन फायरवॉल-यंत्रांचे हिरवे दिवे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. वरची जुनी. डोंगरापलीकडच्या सात दवाखान्यांचं बोलणं तिच्यातून शहरातल्या डॉक्टरांपर्यंत जायचं. खालची नवी. जुनी पडली तर त्याच क्षणी काम उचलायचं, एवढ्यासाठी आणलेली.

सकाळी बुरुलकानने जुनीच्या आतल्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासल्या. साग्यनालीने नऊ वर्षांत केलेला एकही बदल साठवलेला नव्हता. चालू आहे तोवर तिला सगळं आठवत होतं, इतकंच. शिवाय सुरू होताना जी फाइल उघडायची तिचं नाव यादीत होतं, फाइल नव्हती.

"एकदा वीज गेली असती ना अके, तर ही उठलीच नसती."

"म्हणून तर जाऊ दिली नाही," तो म्हणाला. "सुरुवातीला साठवायचं विसरलो. कळलं तेव्हा हात लावायचीच भीती बसली. बॅटऱ्या बदलत राहिलो. मुलीच्या लग्नातून जेवणाआधी उठून आलो. बायको गेल्यावर तर इथेच झोपायला लागलो."

ती हसली नाही. तिने सगळं साठवलं, योग्य फाइल आणून ठेवली, यादीतलं नाव सुधारलं आणि दोघींची जोडी लावून दिली. आता फक्त केबल ओढून बघायची होती.

फोनवर डोंगरापलीकडच्या कारा-जारची सुईण सादात होती. तिचा दवाखाना आज रिकामा होता, म्हणून लाइन तुटते का ते बघायला तिला नुसतं बोलत राहायला सांगितलं होतं. ती बोलतच होती.

"...तर म्हातारी म्हणते, घोडी आम्हाला द्या नि सून तुम्ही ठेवा. मी म्हटलं, बाई गं, आधी सुनेला तर विचार..."

साग्यनालीने डोळे मिटले आणि केबल ओढली.

जुनीचा पंखा मंदावत मंदावत थांबला. तो आवाज गेल्यावर खोली एकदम मोठी झाली. आपण कुठे उभे आहोत हे क्षणभर त्याला कळेना. बर्फात कुठेतरी उभे असू, असं वाटलं.

"...आणि सून काय म्हणाली माहितीय? मला घोडीबरोबरच पाठवा म्हणाली." सादात स्वतःच हसली. "अहो, ओढणार कधी तुम्ही? माझा घसा सुकला."

"ओढली," बुरुलकान म्हणाली.

"कधी?"

साग्यनाली केबल हातात धरून तसाच उभा होता. थोड्या वेळाने त्याने ती परत खोचली. सात मिनिटं जुनी अंधारात होती. मग एकेक दिवा लागला, पडद्यावर तिचं नाव उमटलं आणि त्यापुढे एक शब्द: राखीव.

"काम परत हिच्याकडे देऊ, अके?"

"नको. पडून राहू दे हिला जरा."

तो खुर्चीत टेकला. फोन जवळ ओढला.

"सादात, तुमच्याकडे यायला रस्ता उघडा आहे का?"

पलीकडून काहीच आलं नाही. लाइन तुटली की काय म्हणून बुरुलकानने दिव्यांकडे पाहिलं. सगळे लागलेले होते.

"घाट परवा उघडेल," सादात म्हणाली. मग हळूच, "पण आजवर तुमचा नुसता आवाजच ऐकलाय मी. ओळखू कशी तुम्हाला?"