काकासाहेबांचा आवाज

"म्हंजे आज पास झालो तर हे मशीन आमच्याकडंच राहतंय ना?" चतुराबाईंनी पुन्हा विचारलं.

"राहील," शमशाद मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मार्चनंतर परत न्यावं लागेल. माझ्या हातात काही नाही, वहिनी."

चतुराबाईंनी मशीन मांडीवर ओढून घेतलं. जेवणाच्या डब्याएवढंच ते. वर अक्षरांची बटणं, समोर जाळी. बटणं दाबून वाक्य लिहिलं की जाळीतून त्यांच्या नवऱ्याचा, काकासाहेबांचा आवाज येई. नक्कल नाही, अस्सल त्यांचाच. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन व्हायच्या आधी शमशाद मॅडमनी तो रेकॉर्ड करून ठेवला होता.

काकासाहेब म्हणजे धान्याच्या मोंढ्यात हर्रासाची बोली पुकारणारा माणूस. त्यांनी भाव पुकारला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलेला माणूस हातातला कप खाली ठेवायचा. आता चितेगावच्या घरात ते खिडकीजवळ खुर्चीत बसून असत. गळ्याभोवती पंचा, आणि आवाज नसलेले ओठ हलवत. मोंढ्यातले आकडे सोडले तर अक्षराशी त्यांचं कधी जमलंच नाही. म्हणून ते ओठ हलवायचे आणि सातवी शिकलेल्या चतुराबाई बटणं दाबायच्या.

शमशाद मॅडमची उमेदीची वर्षं या मशीनमागं गेली होती. पेपर छापून आले, परिषदांमध्ये टाळ्या पडल्या आणि मशीन प्रयोगशाळेच्या कपाटात जाऊन बसलं. इकडं गुटख्यापायी आवाज गमावलेली माणसं दवाखान्यात रोज येतच होती. कपाटातला इलाज बाहेर काढून वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपात बनवून घ्यायचा तर निधी पाहिजे. तो देणारी समिती आज पुण्याहून यायची होती. खऱ्या घरात, खऱ्या माणसाला या मशीनचा उपयोग होतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

समिती म्हणजे दोनच माणसं. आप्पासाहेब नावाचे निवृत्त इंजिनियर आणि कागदपत्रं बघणाऱ्या एक बाई. आप्पासाहेबांनी स्टूल पुढं ओढलं.

"काय काकासाहेब, कसं काय चाललंय?"

काकासाहेबांचे ओठ हलले. चतुराबाईंची बोटं बटणांवर फिरली.

"लई बेस चाललंय," मशीन बोललं. "तुम्ही लांबून आलात. आधी चहा घ्या."

आप्पासाहेब दचकलेच. समोर हडकलेला माणूस आणि डब्यातून हा एवढा भरदार आवाज. तिथून पुढं सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून त्या डब्यावरच जात होत्या.

"आवाज परत आल्यावर पहिलं काय बोललात?"

पुन्हा ओठ, पुन्हा बोटं.

"चतुरा, तू जेवलीस का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

आप्पासाहेब मात्र इंजिनियर. "ओठ एवढेसे हलले," ते म्हणाले, "वाक्य बरंच मोठं आलं."

"तीस वर्सं झाली सायेब," चतुराबाई म्हणाल्या. "त्यांनी निम्मं तोंड उघडलं तरी मला कळतंय."

यावर आप्पासाहेबांनी मान डोलावली. खरंच होतं ते. त्यांच्याही घरी असंच चालायचं.

"पहिल्यापासून तुमच्याशी असंच गोड बोलायचे का?" बाईंनी विचारलं.

चतुराबाईंनी बटणांवरून बोट फिरवलं.

"नाय वो. सगळा आवाज मोंढ्यातच सांडून यायचे. घरी आले की 'अगं ए'. उभ्या जन्मात मला कधी नावानं हाक मारली नव्हती. लई वाटायचं, एकदा तरी मारावी. आता घडीघडीला मारतात." त्यांनी मशीन अजून जवळ ओढलं. "आवाज गेला तवा कुठं मला नवरा मिळाला. हे मशीन नेऊ नका, बाई."

काकासाहेबांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. ओठ भराभर हलायला लागले.

"चतुराच्या हातची भाकर खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाय," मशीन बोललं.

सगळे हसले. "हर्रासाची सवय अजून गेली नाही," आप्पासाहेब म्हणाले. शमशाद मॅडमही हसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना असं मोकळं हसू आलं होतं.

चहा पिऊन आप्पासाहेबांनी फाईल मिटली. "मॅडम, आम्ही शिफारस करतोय. मशीन इथंच राहू द्या. अजून पुष्कळ घरांत असं मशीन जायला पाहिजे."

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडू आलं तसं येऊ दिलं. मग सावरल्या. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला तशीच कशी पाठवायची? त्यांनी बाईंना कुंकू लावलं, ओटी भरली आणि मंडळींना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. जाताना मशीन बंद करून कॉटवर ठेवलं.

खोलीत काकासाहेब आणि शमशाद मॅडम दोघंच उरले. मॅडमचं मन भरून आलं होतं. त्या खुर्चीसमोर खाली बसल्या.

"मुबारक हो, काकासाहेब. जिंकलो आपण."

काकासाहेबांनी त्यांची बाही घट्ट धरली. ओठ हलले. डबा बंद होता, बटणं दाबायला कुणी नव्हतं. मॅडम पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं नीट बघत होत्या.

एकच शब्द होता. छोटासा. संपला की परत तोच. कळेना, म्हणून मॅडमनी आपलेही ओठ तसेच हलवून पाहिले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्याच तोंडून तो शब्द बाहेर आला.

"दुखतंय."

काकासाहेबांनी होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ओठ थांबले नाहीत. दुखतंय. दुखतंय. दुखतंय.