विश्रामचा स्वच्छ आवाज

“कोणाला पटायचं नाही वहिनी, पण माझ्या लाइनीवर समुद्रसुद्धा खरखर करायला धजत नाही,” गुणाजी पारकर म्हणाला.

जुन्या संगणकावर फुकटचं मुक्त सॉफ्टवेअर चढवून त्याने अख्ख्या वाडीला इंटरनेटवरचा फोन जोडून दिला होता. वाटेत हरवलेले शब्द ते सॉफ्टवेअर बोलणाऱ्याच्याच आवाजात भरून काढी.

शेवंताबाईंचा मुलगा विश्राम जहाजावर होता. पूर्वी त्याचं निम्मं बोलणं तुटायचं. हल्ली आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ, आणि पोरगाही भलताच गोड बोलू लागलेला. शेवंताबाईंना नेमकं तेच खुपत होतं.

“विश्राम, आज बांगड्याचं तिखलं केलंय रे,” त्या फोन स्पीकरवर टाकून म्हणाल्या.

“वा! आई, माझ्या वाटचंही तूच खा.”

“ऐकलंत?” गुणाजी खुलला. “हल्ली शब्द भरावे लागतच नाहीत. अक्षर न् अक्षर त्याचंच!”

शेवंताबाईंनी फोन खाली ठेवला.

“थापा पुरे, भावोजी. श्रावण चाललाय. घरात श्रावण पाळायला लावतो तोच. मासळीचं नाव काढल्यावर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. आता खरं सांगा, माझा पोरगा गप्प कधीपासून आहे?”