आज कितवा अध्याय?

पाळकसाहेबांनी स्वतःच्या हाताने भिंतीत खिळा ठोकला आणि बुधाजीच्या घरात पंचांग टांगलं. ख्रिस्ती घरात, आणि खुद्द पाळकाच्या हातून! चुलीपाशी भाकर थापणाऱ्या त्याच्या बायकोचा, गुणाबाईचा हात जागच्या जागी थांबला.

"मी तुला दारू सोड म्हटलं होतं," पाळकसाहेब हसत म्हणाले. "पंचांग सोड, असं कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. बुधाजीचा उत्साहच दांडगा. पनवेलच्या खाडीत बाप्तिस्मा झाला, तसा तो ओल्या धोतरानिशी घरी आला, पंचांग काढलं आणि जुन्या धर्माचं म्हणून त्याच खाडीत सोडून आला. वर हुकूम काढला, की या घरात तिथीचं नाव कोणी घ्यायचं नाही.

आता बुधाजीचं काम काय, तर मिठागराच्या बांधातली उघाडी राखायची. उधाणाची भरती आली की लाकडी दार उचलायचं आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. उधाण येतं पुनवेला नि अवसेला. तिथीच बुडवली, तर उधाण कळणार कसं? पहिल्याच महिन्यात उधाण आलं, बांधाला धडका देऊन देऊन दमलं आणि आल्या वाटेने परत गेलं. बुधाजी घरी घोरत होता. मिठागराच्या मालकाने निरोप धाडला, की पुन्हा असं झालं तर उघाडीवर दुसरा माणूस ठेवीन. गावाला तर विषयच मिळाला. बुधाजीने देव बदलला तसा दर्याही बदलून आणावा, म्हणाले.

तोड काढली ती गुणाबाईने. बाप्तिस्म्याला ती उभी राहिली होती तीच मुळी एका अटीवर: रोज दिवेलागणीला घरात बायबल वाचलं गेलं पाहिजे. तिला अक्षर येत नव्हतं, बुधाजीला येत होतं. पण दिवसभर मीठ ओढून आलेला बाप आणि काशीराम नि गणू हे दोन लेक ताटावरच पेंगायचे. पुस्तक फळीवर आणि गुणाबाई खाली, दोघंही ताटकळत. तेव्हा तिने सांगितलं, की चंद्र पार दिसेनासा झाला की दुसऱ्या दिवशी बायबलातल्या नीतिसूत्रांचा पहिला अध्याय धरायचा, आणि पुढे रोज एक. आठवा आला की भांगाची, म्हणजे लहान भरती. पंधरावा आला की पुनवेचं उधाण. एक दिवस वाचन चुकलं तर मोजणी गेली, मोजणी गेली तर उघाडी गेली, उघाडी गेली तर भाकर गेली.

मग वाचन चुकवायची कोणाची छाती? बुधाजीला हिवताप भरला, तर वाजत्या दातांच्या तालावर त्याने बारावा अध्याय म्हटला, आणि तो म्हणे नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आला. खाडीकाठचे लोक तर शपथेवर सांगतात, की वाचन लांबलं तर भरतीसुद्धा बांधाशी खोळंबून राहायची, आणि 'आमेन' कानावर पडलं की मगच आत शिरायची.

शेजारची ठमाबाई आणि तिचा नवरा तुळशीराम आधी नुसते गंमत बघायला आले. दारात उभं राहून विचारायचे, आज कितवा अध्याय? बुधाजी आकडा सांगायचा. मग आता आलोच आहोत तर, म्हणून दोघं ओटीवर टेकायची. देवाने आळशाला मुंगीकडे शिकायला धाडलं, हे आलं की ठमाबाई नवऱ्याला कोपर मारायची. भांडखोर बायको म्हणजे गळकं छप्पर, हे आलं की तुळशीरामला मोठा खोकला यायचा. त्यांच्या मागून आणखी लोक येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, आज कितवा? ओटी पुरेना. बुधाजीची मान ताठ झाली. खाडीकाठचा अख्खा खारपाट माझ्या अध्यायावर चालतो, असं तो पनवेलच्या बाजारात सांगत सुटला. ते ऐकूनच पाळकसाहेब एसटीत बसून आले होते. देवाने केलेल्या चंद्राचा हिशोब ठेवण्यात पाप नाही, हे त्यांनी बुधाजीला समजावलं, गुणाबाईची भाकर खाल्ली आणि शेवटच्या गाडीआधी निघून गेले.

बुधाजीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. जेवून त्याने हात धुतले, पंचांगावर बोट फिरवून तिथी पाहिली, पुस्तक फळीवर ठेवलं आणि आडवा झाला. आता सावकाश रविवारी वाचू, म्हणाला. लेकांनी ते ऐकायच्या आधीच अंग टाकलं होतं. गुणाबाईने वाद घातला नाही. तिने कंदिलाची काच पुसली, रोजच्या जागी कंदील ठेवला आणि समोर एकटीच जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून, जणू वाचन सुरूच आहे.

ओटीवर पावलं वाजली. ठमाबाई आली, तुळशीराम आला, मागोमाग बाकीचे आले. ठमाबाईने दारातूनच रोजचा प्रश्न टाकला. बुधाजीने पडल्या पडल्या भिंतीकडे बोट दाखवलं. आजपासून अध्याय बंद, म्हणाला. पंचांग आलंय, ज्याला भरती बघायची त्याने खुशाल बघून जावं.

भिंतीकडे कोणी बघितलंच नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली होती, तिथे जो तो बसला. तुळशीरामने पाय पसरले. गुणाबाई उठली, फळीवरचं पुस्तक काढलं आणि नवऱ्याच्या छातीवर ठेवलं.

"पंचांग आमचे घरान पन हाय, बुधाजी," ठमाबाई म्हणाली. "आमी काय भरती इचारायला येत व्हतो?"