भरलेला पदर

“तो शर्ट काढा की आता, रत्नाबाई. ओटी पदरात घ्यायची असते,” गिरणीच्या मालकिणीची सून शेफाली म्हणाली.

तिच्या हातातल्या ताटात खण होता, नारळ होता, हळदकुंकू होतं आणि याच गिरणीतला इंद्रायणी तांदूळ होता. भोरच्या या भातगिरणीत निवडायला बसणाऱ्या बाईला निरोपाची ओटी मिळण्याची ही पहिलीच वेळ. रत्नाबाईंना आता तांदळातला खडा दिसत नव्हता. उद्यापासून त्यांच्या जागेवर सून बसणार होती. प्रेरणा शेजारीच उभी होती, लग्नातली साडी नेसून. तिच्या नवऱ्याची, गोरखची कंपनी बंद पडल्यापासून घरात येणारा पगार हा एवढाच.

रत्नाबाईंनी शर्ट पोटाशी मुठीत धरला. नवऱ्याचा जुना शर्ट, धुळीसाठी साडीवरून घालायचा. त्याच्या आत, कमरेला खोचलेल्या पदरात चार मुठी तांदूळ होता. आज घ्यायचा नाही, असं सकाळी ठरवलं होतं त्यांनी. पण जेवणं झाल्यावर हात आपला रोजच्या वाटेनं गेला.

“राहू द्या ताई. आमा मजूर बायांना कशाला वटी?”

“असं कसं? इतक्या बायकांची झडती घ्यावी लागली, तुमची कधी नाही. सासूबाई स्वतः म्हणाल्या, तिची ओटी भरून पाठव.” शेफालीनं कुंकवात बोट बुडवलं. “चला, पदर घ्या पुढं.”

पदर सोडला असता तर सगळ्यांदेखत तांदूळ खाली आला असता.

“मला चालत न्हाई ताई,” रत्नाबाई म्हणाल्या. “सुतक हाय. आत्ताच फोन आला.”

शेफालीचं बोट कुंकवातच राहिलं. “अगं बाई. कोण गेलं?”

“आमचे चुलत दीर. चिमाजी भावजी.”

प्रेरणानं मान वर केली. चिमाजी सकाळी त्यांच्याच एसटीतून भोरला आले होते, मोबाईल दुरुस्त करायला. तिची नजर सासूच्या मुठीकडे गेली आणि तिथंच थांबली.

माहेरचं कुणी सांगितलं असतं, तर सुतक एकट्या रत्नाबाईंना लागलं असतं. सासरचं सांगितलं, ते सुनेलाही लागलं. हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत शेफालीच्या ध्यानात आलं होतं.

“म्हणजे प्रेरणालाही दहा दिवस. मला काही नाही हो त्याचं,” असं म्हणत ती एक पाऊल मागं सरली. “पण अक्षतांचा तांदूळ निवडायचाय, देवळाचा निवडायचाय. सासूबाई सुतकातला हात लावू द्यायच्या नाहीत. सारोळ्याची एक बाई कधीची मागं लागलीये. तिलाच बोलावते उद्या.”

“दहा दिसांनी यीन की मी,” प्रेरणा म्हणाली.

“एकदा तिला बसवल्यावर उठवू कशी गं?”

रत्नाबाईंनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तरी जागा जाणारच होती, वर नावही जाणार होतं. त्यांनी तोंड मिटलं.

शेफालीनं ताटातला तांदूळ एका पिशवीत ओतला, पोत्यातला आणखी घातला. “घरी माणसं येतील भेटायला. असू द्या.” सुतकातल्या माणसाच्या हातात काही द्यायचं नाही, म्हणून तिनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि बाजूला झाली. प्रेरणानं वाकून ती उचलली.

दोघी एसटी स्टँडकडे निघाल्या. चढाला लागल्यावर प्रेरणानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आन हिकडं,” रत्नाबाई म्हणाल्या. “म्या धरते.”

“तुमच्याकडं हाय की, आत्या,” प्रेरणा म्हणाली, आणि पुढं चालू लागली.