वरचं कडवं

सत्त्याण्णव साली नाशिकच्या मुरलीधर बोरस्तेची प्रेमभंगाच्या गाण्यांची कॅसेट निघाली. त्यातलं एक गाणं लोकल केबलवरच्या टॉप ट्वेंटीत आठवडाभर विसाव्या नंबरावर होतं. पुढच्या आठवड्यात ते तिथंही नव्हतं. मुरलीधरने गाणं सोडलं आणि द्राक्षांच्या औषधांची एजन्सी घेतली.

दहा वर्षांनी तो दिंडोरीजवळ वाल्मीक या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हळदीला गेला. मांडवात टेपवर वाल्मीकची आई, चतुराबाई, हळदीची गाणी म्हणत होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाऊकीतली प्रत्येक हळद अजून तिच्याच आवाजात लागायची.

तिचं गाणं थांबलं, खट्‌ झालं, आणि टेपमधून गिटारवर चक्क मुरलीधरच गायला लागला, "जातेस तर जा, मागे वळून पाहू नको..."

"तेव्हा कोरी कॅसेट मिळाली नाय," वाल्मीक त्याच्या कानाशी म्हणाला, "मग कुठल्यातरी पडेल कॅसेटवर आईला भरलं. शेवटी तेवढं राहून गेलं."

दोन ओळींत टेप संपली. बायका मात्र नवरीला जवळ घेऊन त्याच ओळी म्हणत रडत राहिल्या.

मुरलीधर शेजारच्या म्हातारीला म्हणाला, "मावशी, हे मी गायलंय."

"मग वरचं म्हणा की, भाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला शेपटाएवढंच येतं. वरचं काय असंल, लय वर्षं झाली सगळ्या इचारतात."

सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. मुरलीधरने उभं राहून घसा साफ केला.


वरचं त्यालाही आठवेना.