पाळण्याखालची तलवार

लातूर जिल्हा झाला, त्या साली आमच्याकडे पाऊस फिरकला नाही. सत्कार मात्र रोज. त्या सत्काराच्या तलवारी आमचे हे अंगणात बनवत. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पातं, त्याच्या मागे वेल्डिंगने जोडलेली बोटभर सळई, ती पोकळ मुठीत बसवून वर वितळलेली लाख. पुढाऱ्याने फोटोपुरती उचलावी, एवढाच तिचा दम.

बाळाला दृष्ट लागू नये, पाळण्याखाली लोखंड हवं, म्हणून यांनी एक वेगळी केली.

"ही बी तसलीच का हो?"

"येडी हायस का! मुठीच्या टोकापर्यंत एकच पोलाद हाय," असं म्हणून यांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवसापासून पाळणा हलवला की खुळखुळ ऐकू यायची. मुठीत काहीतरी सुटल्यासारखी, अगदी बारीक.

एका दुपारी बाळ निजल्यावर मी ती मूठ चुलीवर धरली. लाख वितळली आणि पातं निघून आलं. मागे तीच बोटभर सळई.

मी ती यांच्यापुढे टाकली. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवला होतात तुम्ही."

"अगं, लोखंड ते लोखंडच की," हे हसून म्हणाले.

आत येऊन मी पाळणा हलवला. खुळखुळ झाली. खाली तर आता काहीच नव्हतं.

मी बाळाला उचलून गालाशी धरलं. ते झोपेत हसलं, मान वळवली. आणि यांनी हात ठेवला होता तिथून, टाळूच्या आतून, खुळखुळ आली.