यिर्मयाची बांधी

दर रविवारी प्रार्थना आटोपली की सोमाजी आणि त्याचा चुलतभाऊ प्रभुदास पडवीत बसून बायबलातल्या जुन्या संदेष्ट्यांचा अभ्यास करायचे. प्रभुदास वाचायचा, सोमाजी तारीख घालून वाचलेला अध्याय वहीत उतरवायचा. होळीनंतरच्या एका रविवारी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय निघाला. नगराला शत्रूचा वेढा पडलेला असताना यिर्मयानं चुलतभावाचं शेत विकत घेतलं आणि देवावर भरवसा ठेवून खरेदीचा कागद मडक्यात जपला. दुसऱ्याच दिवशी प्रभुदास म्हणाला, "दादा, माही कोंढ्याच्या शिवारातली धानाची बांधी तूच घे." सोमाजीला तो देवाचाच इशारा वाटला. त्या बांधीत धरणाचं पाणी शिरणार अशी गावात बोलवा होती. तरी बायको रुखमिणीचं न ऐकता त्यानं ती स्टँपपेपरवर घेतली. कागद मडक्यात ठेवला.

पावसाळ्यात सोमाजी सातबाऱ्यावर नाव चढवायला गेला तेव्हा तलाठी म्हणाला, "ही तं कवाचीच धरणात गेली भाऊ. प्रभुदासनं मोबदला मागच्या दिवाळीतच उचलला."

घरी येऊन सोमाजी रुखमिणीला म्हणाला, "माणूस चुकला असन. पण वचन तं देवानंच दाखवलं होतं."

रुखमिणीनं वही त्याच्यापुढं ठेवली. "हे पाहा. यशया चाळीस, यशया एक्केचाळीस, मंग मधातच यिर्मया बत्तीस, अन् पुढच्या रविवारी पुन्हा यशया बेचाळीस. त्या दिवशी यिर्मया कोणं काढला?"

सोमाजीनं वहीतली ती ओळ पुन्हा वाचली. त्याला आठवलं, प्रभुदासला त्या दिवशी पान शोधावं लागलं नव्हतं. तिथं आधीच खूण घातलेली होती.